धरणकाठी बोटिंग आणि रिसॉर्ट चालवताय? ‘इको-फ्रेंडली’ होताना या चुका टाळा

गंगापूर, मुकणे किंवा दारणा धरणाच्या पाण्यावर बोटी फिरवणं आणि काठावर खोल्या भाड्याने देणं हा धंदा इतर पर्यटनाहून एका बाबतीत वेगळा आहे. ज्या पाण्यावर आपण पाहुण्यांना फिरवतो, तेच पाणी नाशिककरांच्या नळाला येतं. तरीही ‘आम्ही पर्यावरणपूरक झालो’ म्हणणाऱ्या बहुतेक ठिकाणी सुरुवात होते ती कागदी स्ट्रॉ, बांबूचे टूथब्रश आणि रिसेप्शनवरच्या कुंड्यांपासून. डिझेलचे ड्रम मागच्या बाजूला, ताडपत्रीखाली तसेच पडून असतात. पाहुण्याला दिसतं ते आधी सुधारायचं आणि दिसत नाही ते ‘नंतर बघू’ म्हणून सोडायचं, या एका सवयीतून खालच्या जवळजवळ सगळ्या चुका होतात.

तळातलं तेलकट पाणी

आतल्या इंजिनच्या बोटीत तळाशी थोडंफार पाणी साचतंच. त्यात गळालेलं ऑइल, डिझेल, ग्रीस मिसळतं. तळातल्या पंपाला फ्लोट स्विच असतो. पाणी ठरावीक उंचीवर आलं की पंप आपोआप सुरू होतो आणि सगळं मिश्रण धरणात जातं. मुद्दाम कुणी काही करत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. मग सकाळी जेटीपाशी रंगीबेरंगी तवंग दिसतो आणि पाहुणे यायच्या आत तो घालवायला एखादा पोऱ्या भांडी घासायचं लिक्विड ओततो. तवंग जातो, तेल जात नाही. साबणाने त्याचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात खाली मिसळतं, वर साबणाची भर पडते ती वेगळीच.

उपाय महागडा नाही. तेल शोषणाऱ्या पण पाणी न शोषणाऱ्या गुंडाळ्या मिळतात, त्या तळात टाकून ठेवा. इंजिनखाली ट्रे बसवा. दिवसाच्या पहिल्या फेरीआधी झाकण उघडून बघा, वर तेल तरंगत असेल तर हातपंपाने कॅनमध्ये काढून घ्या. बदललेलं जुनं ऑइल सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला देऊन टाकायची पद्धत सर्रास आहे, पण कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावं लागतं. पावती फाइलला लावा.

बाहेरून लावायच्या आउटबोर्ड इंजिनचं दुखणं निराळं. खालच्या गिअरचं ऑइल काढल्यावर ते दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरतंय, म्हणजे सील गेलंय. आणि पाणी आत येतंय त्याच वाटेने ऑइल बाहेरही जातंय. नवीन सील टाकून लगेच बोट पाण्यात ढकलू नका. आधी पंखा काढून शाफ्टभोवती बघा. आपल्या धरणांत मासेमारीचं तंगूस (नायलॉनचा दोरा) पडलेलं असतं, ते शाफ्टला गुंडाळून सील कापतं. ते तसंच राहिलं तर नवं सीलही फार दिवस टिकणार नाही.

पेट्रोलची टाकी काठोकाठ भरू नका. उन्हात पेट्रोल फुगतं आणि हवेच्या भोकातून बाहेर येतं. सुटी टाकी असेल तर ती जेटीवर नव्हे, जमिनीवर भरा.

इलेक्ट्रिक बोट घेतली, पण हिशेब नाही केला

जुनी टू-स्ट्रोक इंजिनं आधी हटवा, यात दुमत नको. कार्बोरेटरवाल्या टू-स्ट्रोकमध्ये सुमारे पाव हिस्सा इंधन न जळताच बाहेर पडू शकतं, त्यात मिसळलेल्या ऑइलसकट, आणि आउटबोर्डचा धूर पाण्याखालीच सोडलेला असतो. फोर-स्ट्रोक घेतलं तरी पाण्यासाठी मोठा फरक पडतो. पण हल्ली थेट इलेक्ट्रिकवर उडी मारायची घाई दिसते, आणि तिथे गणित चुकतं.

केरळात वैकम ते तवणक्कडवू या जलमार्गावर २०१७ पासून ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौर फेरी चालते. कोचीत २०२३ मध्ये वॉटर मेट्रो सुरू झाली. दोन्ही ठिकाणी मार्ग, अंतर आणि वेळापत्रक ठरलेलं आहे आणि बोट त्याच्या मापाने बांधलेली आहे. आपल्याकडे उलटं होतं. फायबरची जुनी बोट तशीच ठेवून मागे मोटर लावायची, बॅटरी ‘बसेल तेवढी’ घ्यायची आणि रविवारी दुपारी तीन वाजता बोट पाण्याच्या मध्यावर बंद पडली की इलेक्ट्रिकला शिव्या घालायच्या.

साधा हिशेब असा. बोट दिवसात पाच तास चालते आणि सरासरी चार किलोवॅट खाते, तर रोज २० युनिट लागले. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरायची म्हटली तर २५ युनिटची हवी. साधी लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे ४० युनिटची, आणि तिचं वजन बोटीने वाहायचं. एक किलोवॅटचं सोलर नाशिकच्या उन्हात दिवसाला साधारण चार युनिट देतं, म्हणजे या एका बोटीसाठी पाच किलोवॅटचं छत झालं. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून त्याहून थोडं जास्तच.

आणि वीज गेल्यावर बोट डिझेल जनरेटरवर चार्ज करू नका. लहान जनरेटर लिटरला तीनएक युनिट देतो. वीस-बावीस युनिटला सात लिटर डिझेल जळतं. म्हणजे बोटीतला धूर जनरेटरच्या खोलीत हलवला, एवढंच.

बॅटरी लहान पडत असेल तर मोठी घेण्याआधी वेग कमी करून बघा. प्रवासी नेणाऱ्या संथ, जड बोटीला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या हिशेबाने वाढते. वेग २० टक्क्यांनी उतरवला तर ताकद जवळपास निम्मी लागते, आणि फेरीला वेळ जास्त लागूनही एका फेरीची ऊर्जा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाचते. स्पीडबोटीला हा नियम असा सरळ लागू होत नाही. तळाला चिकटलेलं शेवाळ खरवडणं आणि वाकडं झालेलं पातं सरळ करणं ही फुकटात होणारी बचत आहे.

जेटीचंही तसंच. उघड्या थर्माकोलच्या ठोकळ्यांवर तरंगणारी जेटी स्वस्त पडते, पण उन्हाने आणि लाटांनी थर्माकोल झिजून त्याचे पांढरे दाणे काठभर होतात. ते कुणालाच गोळा करता येत नाहीत. बंद प्लॅस्टिकचे ठोकळे घ्या, आणि दोर लांब ठेवा. उन्हाळ्यात आवर्तन सुटलं की पाणी झपाट्याने उतरतं आणि आखूड दोराची जेटी चिखलात तिरकी बसून फुटते.

एसटीपी आहे, पण जिवंत आहे का?

माझ्या मते सगळ्यात मोठी गडबड इथे आहे. एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी मिळण्यासाठी बसवला जातो आणि त्यानंतर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. तो जिवाणूंवर चालतो. त्यांना हवा, खाद्य आणि वेळ लागतो, आणि रिसॉर्टवाले तिन्हींत कंजुषी करतात.

पहिली कंजुषी विजेची. रात्री टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद. सकाळी टाकीला सडक्या अंड्याचा वास येतो, मग त्यात ब्लीचिंग पावडर टाकली जाते, तिने उरलेसुरले जिवाणू मरतात, आणि दुसऱ्या दिवशी वास दुप्पट. ब्लोअर सलग चालवणं परवडत नसेल तर टायमर लावून दोन तास सुरू, एक तास बंद असं चालवा, पण रात्रभर बंद नको. क्लोरीनची जागा शेवटी, गाळलेल्या स्वच्छ पाण्यात.

दुसरी भानगड शनिवार-रविवारची. मुंबई-पुण्याची गर्दी शुक्रवारी रात्री येते, रविवारी दुपारी जाते. मंगळवारी सगळ्या खोल्या रिकाम्या. जिवाणू चार दिवस उपाशी आणि दोन दिवस अजीर्ण. यासाठी सुरुवातीची साठवण टाकी मोठी हवी, म्हणजे शनिवारचं पाणी अडवून आठवडाभर थोडं थोडं आत सोडता येतं. लांबचा रिकामा काळ असेल, तर जाणकार ऑपरेटर थोडा गूळ आणि शेणकाला घालून जिवाणू टिकवतात. ऐकायला देशी वाटतं, पण चालतं. २०२७च्या सिंहस्थासाठी खोल्या वाढवणाऱ्यांनी साठवण टाकीही वाढवली का, हे स्वतःला विचारावं.

तिसरी गोष्ट मिसळ. नाश्त्याला मिसळ नसलेलं रिसॉर्ट नाशिकमध्ये चालणार नाही, आणि चालूही नये. पण ताटातली उरलेली तर्री थेट मोरीत जाते. गरम असताना वाहते, पाइपात गार झाली की थिजते. ग्रीस ट्रॅप (तेल-तूप अडवणारी पेटी) तुंबला की स्वयंपाकघरातले लोक उकळतं पाणी आणि सोडा ओततात. ट्रॅप ‘उघडतो’, कारण सगळं तेल पुढे एसटीपीत गेलेलं असतं. ताट धुण्याआधी जुन्या कागदाने किंवा रबरी पट्टीने पुसून घ्या, आणि ट्रॅपवरचा थर हाताने काढा, दर दोन दिवसांनी तरी.

संडासात फिनाइल आणि ॲसिडचा मारा हाही याच साखळीतला. वास गेला म्हणून पाहुणा खूश, आणि खाली जिवाणू मेले.

लॅबचा रिपोर्ट यायला वेळ लागतो, पण टाकीची तब्येत अर्ध्या तासात कळते. हवेच्या टाकीतलं एक लिटर पाणी काचेच्या मापाच्या नळकांड्यात घ्या आणि तीस मिनिटं हलवू नका. गाळ तपकिरी, मातीचा वास, २५० ते ३०० मिलिलिटरच्या आसपास बसलेला आणि वर नितळ पाणी, तर उत्तम. गाळ काळा आणि वास मारणारा असेल तर हवा कमी पडतेय. खूप पांढरा फेस म्हणजे साबण जास्त किंवा गाळ कोवळा. बसलेला गाळ थोड्या वेळाने ढेकळांसारखा वर तरंगू लागला, तर तळाचा गाळ जास्त वेळ पडून राहतोय, परत फिरवणारा पंप वाढवा. रोज सकाळी एक फोटो काढून ऑपरेटरने ग्रुपवर टाकायचा. एवढ्याने फरक पडतो, कारण मालक बघतोय हे त्याला कळतं.

आणि पावसाळ्यात धरणातून विसर्ग सुरू आहे म्हणून एसटीपीचं पाणी नाल्यात सोडायचं काम तर कुणी करूच नये. होतं, सगळ्यांना माहीत आहे.

बुफे आणि ‘कंपोस्टेबल’ प्लेट

उरलेलं अन्न मोजताना दोन बादल्या ठेवा: एक बुफेवर उरलेल्याची, एक पाहुण्यांच्या ताटात उरलेल्याची. पहिली जड असेल तर चूक स्वयंपाकघराच्या अंदाजाची, दुसरी जड असेल तर वाट्या आणि डाव मोठे आहेत. एकाच बादलीत सगळं गेलं की दोष पाहुण्यांवर ढकलता येतो.

गोबरगॅस बसवला आणि गॅस येईना, तर आधी लिंबाच्या आणि संत्र्याच्या साली तपासा. टाकी आंबट झाली की गॅस थांबतो. काही दिवस खाद्य बंद, शेणकाला चालू, आणि सामू (पीएच) सातच्या आसपास आला की हळूहळू पुन्हा सुरुवात.

मक्यापासून बनवलेले म्हणून विकले जाणारे पारदर्शक कप आपल्या खताच्या खड्ड्यात कुजत नाहीत. त्यांना ५५-६० अंशांचं सलग तापमान लागतं, ते औद्योगिक कंपोस्टिंगमध्येच मिळतं. कागदी कपाच्या आतही प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. उसाच्या चिपाडाच्या प्लेट चालतील, पळसाची पत्रावळ त्याहून बरी, आणि धुऊन वापरायचं स्टील सगळ्यांत बरं.

टॉवेल पुन्हा वापरा अशी कार्डं बाथरूममध्ये लावलेली असतात. पाहुणा टॉवेल खुंटीला लावतो, आणि हाउसकीपिंगचे दादा तरीही तो काढून नेतात, कारण जुना टॉवेल दिसला की सुपरवायझर ओरडतो. कार्ड पाहुण्यासाठी छापलंत, नियम कर्मचाऱ्यांना सांगितलाच नाहीत.

पक्षी, पाणवेली, झाडं

हिवाळ्यात धरणाच्या उथळ टोकाला वारकरी पक्षी, हळदी-कुंकू बदकं, चक्रवाक उतरतात. पाहुण्याला फोटो हवा म्हणून बोट थव्यात घालणारा चालक जास्त टिप मिळवतो, हे खरं दुखणं आहे. दिवसभर उडत राहिलेला पक्षी खाऊ शकत नाही, आणि चार दिवसांत ती जागाच सोडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उथळ भागाआधी बोये टाकून हद्द आखा, दुर्बिणी भाड्याने द्या आणि त्यातला वाटा चालकाला द्या. वेगाने गेलेल्या बोटीच्या लाटा काठाची मातीही पाण्यात ओढतात, म्हणून काठाजवळ वेग कमीच.

शहराखालच्या गोदावरीत वापरलेली बोट किंवा दोर धुतल्याशिवाय धरणात आणू नका. पाणवेलीचा एक तुकडा पसरायला पुरतो.

वृक्षारोपण करायचंच तर गुलमोहर आणि सुबाभूळ नको. पाण्याच्या काठाला करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज आपसूक रुजणारी झाडं आहेत. सातपूरच्या डोंगरावरची नाशिक देवराई बघून या, स्थानिक झाडांवर तिथे काय उभं राहिलंय ते कळेल.

बोर्ड लावण्याआधी

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंगबद्दल, म्हणजे पर्यावरणपूरक असल्याच्या खोट्या दाव्यांबद्दल, मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय जाहिरातीत वापरता येत नाहीत. त्यामुळे वेबसाइटवर ‘झिरो पोल्युशन बोटिंग’ लिहायच्या आधी महिन्याचं डिझेल-पेट्रोल, विजेचं बिल, एसटीपीचा रिपोर्ट आणि जुन्या ऑइलच्या पावत्या एका फाइलमध्ये ठेवा. ‘आमच्या सहापैकी दोन बोटी इलेक्ट्रिक आहेत, सोलरवर चार्ज होतात’ हे वाक्य जाहिरातीत फिकं वाटेल, पण कुणी विचारलं तर दाखवता येतं.