बॉलचा माउस उघडून बघा

माउसचा इतिहास मी मुलांना फळ्यावर शिकवत नाही, जुना बॉलचा माउस हातात देतो. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात अडगळीच्या खोक्यात तो अजून मिळतो. शक्यतो यूएसबीचा घ्या. गोल पिनचा पीएस-टू असेल तर कॉम्प्युटर बंद असतानाच जोडा आणि मग सुरू करा.

माउस उलटा करा. पोटावरची गोल कडी बाणाच्या दिशेने फिरवली की सुटते आणि रबराचा थर असलेला जड गोळा बाहेर येतो. आत तीन रूळ दिसतील. दोन लांब, एकमेकांशी काटकोनात. तिसरा छोटा, स्प्रिंगवर बसवलेला. गोळ्याला त्या दोघांवर दाबून धरणं एवढंच त्याचं काम. रुळांवर मळाचे काळे पट्टे असतील तर टूथपिकने खरवडा. ब्लेड लावू नका, चरे पडतात.

आता गोळा न घालताच एक रूळ बोटाने फिरवा. पडद्यावरचा बाण फक्त आडवा सरकेल. दुसरा फिरवला की फक्त उभा. इथे घाई करू नका, प्रत्येक मुलाला स्वतःच्या बोटाने करू द्या. हात कसाही तिरका गेला तरी त्याची चाल आडवी आणि उभी अशी वेगळी करायची, हा माउसचा गाभा आहे. आणि तो गोळ्याच्या आधीचा आहे.

कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, संशोधक डग्लस एंगलबार्ट यांना ही कल्पना सुचली ती क्षेत्रफळ मोजणाऱ्या प्लॅनिमीटरच्या चाकावरून. १९६४च्या सुमारास त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी पहिला नमुना बनवला: लाकडी ठोकळा, वर एकच बटण, खाली काटकोनात दोन चाकं. चाकं थेट टेबलावर टेकायची. ठोकळा आडवा सरकवला की एक चाक फिरायचं, दुसरं नुसतं घासत जायचं. हे बघायचं असेल तर खेळण्यातल्या गाडीची दोन चाकं लाकडाच्या तुकड्याला काटकोनात बसवा, कडेला खडूची खूण करा आणि सरकवा. मूळ नमुन्यात प्रत्येक चाकाला पोटेन्शिओमीटर जोडला होता, रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो तसा. वायर आधी मनगटाकडून निघायची. हाताच्या आड येते म्हणून ती पुढे नेली.

मला या मंडळींचं सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की ते आपलंच यंत्र चांगलं असं धरून चालले नाहीत. पडद्यावर टेकवायचा लाइट पेन, जॉयस्टिक, अगदी गुडघ्याने हलवायचं साधनसुद्धा माणसांना देऊन वेळ आणि चुका मोजल्या. सरावलेल्या हातात माउस सरस ठरला. ९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी तो जाहीरपणे दाखवला. त्याच वर्षी जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीने गोळ्याचा माउस आणला होता. एंगलबार्टना १९७०मध्ये पेटंट मिळालं, रॉयल्टी मात्र कधीच मिळाली नाही.

आता माउसची वायर कॉम्प्युटरमधून काढा आणि मागचा स्क्रू उघडा. बहुतेक वेळा तो स्टिकरखाली लपलेला असतो. रुळांच्या टोकांना खाचांच्या चकत्या दिसतील. चकतीच्या एका बाजूला इन्फ्रारेड दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारे दोन भाग, किंचित पुढेमागे. दोघांपैकी आधी कुणावर अंधार पडतो, त्यावरून दिशा कळते. किती वेळा पडतो, त्यावरून अंतर.

झाकण लावताना वायर स्क्रूखाली चेपणार नाही हे पाहा. गोळा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळल्यावरच आत टाका. ओला असला तर रुळांवर घसरतो.