गावातल्या सिमेंट रस्त्याचा हिशेब कागदावरून कसा तपासावा

नवा काँक्रीट रस्ता पहिल्याच पावसाळ्यात उखडला की गावात चर्चा होते, पारावर नावे घेतली जातात आणि आठवड्याभरात विषय विरून जातो. त्याच रस्त्यावर खर्च झालेल्या रुपयाचा माग कार्यालयात पाच-सहा कागदांवर असतो. ते कागद हातात आले आणि सोबत तीस मीटरचा टेप असला, तर आरोप करत बसावे लागत नाही. आकडे समोर ठेवता येतात. शाळा बारावीपर्यंत झालेल्या कोणालाही हे काम जमते. लागतो तो चिकाटीने तारखा सांभाळण्याचा सराव.

पहिले काम, रस्ता कोणत्या पैशातून झाला ते शोधणे. इथेच बहुतेकांचे दोन महिने वाया जातात, कारण कागद पैशाच्या मागे जातात. गावातला शंभर मीटरचा रस्ता पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून झालेला असू शकतो, ग्रामविकास विभागाच्या २५१५ या लेखाशीर्षातून (सरकारी खर्चाच्या खात्यातून), जनसुविधा योजनेतून, दलित वस्ती सुधार योजनेतून किंवा आमदार निधीतून. कामाच्या जागी फलक असेल तर त्याचा फोटो आधी घ्या. कामाचे नाव, योजना, मंजूर रक्कम, ठेकेदार आणि दोष दायित्व कालावधी (ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करून देण्याची मुदत) एवढे त्यावर मिळायला हवे. फलक नसेल तर वित्त आयोगाच्या कामांचा खर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर पाहता येतो. राज्य, जिल्हा, तालुका, पंचायत निवडली की वर्षनिहाय व्हाउचर दिसतात.

कामाचे नाव अक्षरशः टिपून ठेवा. ‘मारुती मंदिर ते शाळा रस्ता काँक्रीटीकरण’ आणि ‘शाळा ते बसथांबा रस्ता सुधारणा’ ही दोन नावे जमिनीवर एकाच तुकड्याची असू शकतात आणि दोन वेगवेगळ्या लेखाशीर्षांतून दोनदा बिल निघालेले असू शकते. म्हणून एका कामावर न थांबता त्या वॉर्डातल्या गेल्या तीन वर्षांच्या सर्व रस्ताकामांची यादी मागवणे शहाणपणाचे.

अर्ज करण्याआधी एक सोपी वाट वापरून पाहा. राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाच्या २०१८ मधल्या शासन निर्णयानुसार जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात, त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लागत नाही. सगळीकडे हे सुखासुखी होत नाही. पण फाइल समोर आली तर तिची पाने आणि टिपणीवरच्या तारखा लिहून घ्या. पुढचा अर्ज त्यामुळे नेमका होतो.

आता माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात तो जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात करायचा आणि त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, मात्र दाखल्याची प्रत जोडावी लागते. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. हा नियम विसरून चार कामांची माहिती एकत्र मागितली की अर्ज परत येतो आणि महिना जातो. एक काम, एक अर्ज.

अर्जातली सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे प्रश्न विचारणे. ‘रस्ता निकृष्ट का झाला?’, ‘ठेकेदारावर कारवाई का केली नाही?’ याचे उत्तर देणे माहिती अधिकाऱ्याला बंधनकारक नाही. ‘का’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे माहिती नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणून उत्तर मागू नका, कागद मागा. मजकूर साधारण असा ठेवा:

‘मौजे अमुक येथील (कामाचे पूर्ण नाव), सन अमुक, या कामाच्या पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. १) प्रशासकीय व तांत्रिक मान्यतेचे आदेश. २) दरविश्लेषणासह अंदाजपत्रक. ३) कार्यारंभ आदेश व करारनामा. ४) मोजमाप पुस्तिकेतील या कामाची सर्व पाने. ५) सर्व चालू देयके व अंतिम देयक, कपातींच्या तपशिलासह. ६) साहित्य व काँक्रीट चाचणी अहवाल. ७) काम पूर्णत्वाचा दाखला. प्रती घेण्यापूर्वी मूळ फाइलचे अवलोकन करू द्यावे.’

कारण लिहू नका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) प्रमाणे माहिती का हवी हे विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही. ‘भ्रष्टाचार उघड करण्यासाठी’ असे लिहिले की समोरचा माणूस सावध होतो, एवढेच.

अर्ज कोणाकडे द्यायचा? ग्रामपंचायतीत जन माहिती अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, ज्यांचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे. पण मोजमाप पुस्तिका बहुतेक वेळा त्यांच्याकडे नसते. ती मोजमाप लिहिणाऱ्या कनिष्ठ किंवा शाखा अभियंत्याकडे, म्हणजे जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात असते. ‘आमच्याकडे उपलब्ध नाही’ असे उत्तर आले तर ते अपुरे आहे. कलम ६(३) प्रमाणे तो अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवून तुम्हाला कळवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. वेळ वाचवायचा असेल तर दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज करा. वीस रुपयांत काम होते.

अर्ज हाती दिला तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती, पोहोचल्याचा ऑनलाइन तपशील अर्जाच्या प्रतीला जोडून ठेवा. पुढच्या सगळ्या तारखा या एका तारखेवर उभ्या असतात.

त्या तारखा अशा. अर्ज १ जूनला पोहोचला तर उत्तर १ जुलैपर्यंत यायला हवे. प्रतींचे पैसे भरा असे पत्र आले तर ते पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मोजले जात नाहीत. हे पत्र कित्येकदा एकोणतिसाव्या दिवशी निघते. घाबरू नका, पण दुसऱ्याच दिवशी पैसे भरा. एका पानाला दोन रुपये हा दर आहे. त्याहून जास्त मागितले तर हिशेबाचा तपशील लेखी मागा. तीस दिवस उलटून गेल्यावर माहिती दिली तर ती कलम ७(६) प्रमाणे विनामूल्य द्यावी लागते.

१ जुलैपर्यंत काहीच आले नाही, तर पहिले अपील ३१ जुलैच्या आत करायचे. जोडपत्र ‘ब’, वीस रुपयांचा स्टॅम्प. उत्तर आले पण अर्धवट असले, तर ते मिळाल्यापासून तीस दिवस मोजा. लोक ‘येईल, येईल’ म्हणत वाट पाहतात आणि मुदत घालवतात. अपिलात गाऱ्हाणे नको. ‘मुद्दा ४ व ६ ची माहिती दिली नाही, ती विनामूल्य देण्याचा आदेश व्हावा’ एवढे पुरते. प्रथम अपिलीय अधिकाऱ्याने (माहिती अधिकाऱ्याच्या वरच्या अधिकाऱ्याने) तीस दिवसांत, कारणे नोंदवून जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत निर्णय द्यायचा असतो. सुनावणीला स्वतः जा. पुष्कळदा फाइल त्याच दिवशी टेबलावर येते.

त्यानंतर राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे दुसरे अपील, नव्वद दिवसांच्या आत, जोडपत्र ‘क’, पुन्हा वीस रुपये. विनाकारण माहिती रोखणाऱ्या अधिकाऱ्याला रोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड करण्याचा अधिकार आयोगाला आहे. पण आयोगापुढची रांग फार लांब आहे, सुनावणी लागायला वर्षही जाते. म्हणून पहिल्या अपिलात जितका जोर लावता येईल तितका लावा, आणि दुसरे अपील दाखल करून बाकीची तपासणी थांबवू नका.

‘फाइल सापडत नाही’ हे उत्तर आले तर अपिलात महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ चा उल्लेख करा. अभिलेख बेकायदा नष्ट करणे हा त्याखाली पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. शोध घेतल्याचा लेखी अहवाल आणि जबाबदारी निश्चित करण्याचा आदेश मागा. ‘त्रयस्थ पक्षाची माहिती’ हे दुसरे नेहमीचे उत्तर. सार्वजनिक पैशातून दिलेले बिल आणि शासकीय अभियंत्याने लिहिलेले मोजमाप ही ठेकेदाराची खासगी बाब होत नाही. वैयक्तिक माहितीबद्दलचे कलम ८(१)(ञ) २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने अधिक कडक केले असले, तरी व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची तरतूद करणारे कलम ८(२) कायम आहे. अपिलात त्याचा आधार घ्या.

कागद हाती आले की सगळ्यात आधी मोजमाप पुस्तिका उघडा. अभियंते तिला एमबी म्हणतात. रस्त्याचा जीव या वहीत असतो. बिल तिच्यावरून निघते, त्यामुळे खोटे असेल तर ते आधी इथेच लिहावे लागते. प्रत्येक बाबीपुढे लांबी, रुंदी, जाडी आणि त्यांचा गुणाकार असतो. समजा नोंद आहे: १०० × ३.०० × ०.१५ = ४५ घनमीटर काँक्रीट.

आता टेप घेऊन जा, दोघे-तिघे जा, दिवसाढवळ्या जा. रुंदी एकाच ठिकाणी मोजू नका. दर दहा मीटरवर मोजा, दहा मापांची सरासरी काढा, प्रत्येक मापाचा टेपसह फोटो घ्या. जाडी ही अवघड बाब. कडेची माती हातभर बाजूला केली की कड दिसते, पण कडेला फळ्या लावून जाडी पूर्ण भरलेली आणि मध्ये थर पातळ असा प्रकार सर्रास चालतो. नळजोडणीसाठी नंतर रस्ता जिथे कापला असेल तिथली जाडी जास्त विश्वासाची. स्वतः रस्ता फोडू नका, सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा तुमच्यावरच दाखल होईल. त्याऐवजी कायद्यातल्या व्याख्येचाच उपयोग करा. ‘माहितीचा अधिकार’ यात कामाची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे हेही येते. कार्यालयाच्या उपस्थितीत पाहणी आणि कोअर नमुना (यंत्राने छिद्र पाडून काढलेला काँक्रीटचा तुकडा) मिळावा असा वेगळा अर्ज करा.

सरासरी रुंदी २.७० मीटर आणि जाडी १२ सेंटिमीटर निघाली, तर प्रत्यक्ष काँक्रीट १०० × २.७० × ०.१२ = ३२.४ घनमीटर. बिल ४५ चे. फरक १२.६ घनमीटरचा, म्हणजे पूर्ण २८ टक्के. तीस सेंटिमीटर रुंदी आणि तीन सेंटिमीटर जाडी डोळ्यांना जाणवत नाही, म्हणून तर मोजायचे. हा फरक करारातल्या प्रति घनमीटर दराने गुणा, रक्कम समोर येईल.

दिसणाऱ्या थराखालच्या बाबी वेगळ्या तपासा. खोदाई, मुरूम भराव, सोलिंग (दगडांचा थर), खालचे कच्चे काँक्रीट हे सगळे झाकले जाते. जुन्या रस्त्यावरच नवा थर ओतलेला असताना खोदाई आणि सोलिंगचे पैसे निघालेले आढळतात. घराचे उंबरे आणि गटाराची कड यांच्या तुलनेत रस्ता किती वर आला आहे ते पाहा. खोदाई खरोखर झाली असती तर रस्ता एवढा वर आला नसता.

मग तारखा जुळवा. चाचणीसाठी भरलेले काँक्रीटचे घन (चौकोनी ठोकळे) १५० मिलिमीटरचे, त्यांची ताकद ७ आणि २८ दिवसांनी तपासतात. एम ३० काँक्रीट लिहिले असेल तर २८ दिवसांच्या अहवालात प्रति चौरस मिलिमीटर किमान ३० न्यूटनच्या आसपास आकडा हवा. घन भरल्याची तारीख रस्ता ओतल्याच्या तारखेशी जुळते का? चाचणी खरोखर २८ दिवसांनी झाली का? अंतिम देयक चाचणीच्या आधीच निघाले का? मोजमापाची तारीख कार्यारंभ आदेशाच्या आधीची तर नाही? एकमेकांशी विसंगत अशा दोन तारखा हा शंभर भाषणांपेक्षा भक्कम पुरावा आहे. देयकाच्या शेवटच्या पानावर रॉयल्टीची (वाळू-खडीवरच्या सरकारी शुल्काची) कपात दिसते का, तेही बघा. वाळू-खडीचे परवाने जोडले नसतील तर ती रक्कम कापलेली असायला हवी.

हे सगळे एका पानावर मांडा: बाब, एमबीतील परिमाण, प्रत्यक्ष परिमाण, फरक, फोटो क्रमांक. विशेषणे नकोत, कोणाला चोर म्हणणे तर मुळीच नको. हे पान ग्रामसभेत ठेवा. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. विषय लेखी देऊन इतिवृत्तात नोंद घ्यायला लावा आणि नंतर त्या इतिवृत्ताची प्रत मागा. तीच मांडणी कार्यकारी अभियंता आणि जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना द्या, त्रयस्थ संस्थेकडून कोअर चाचणीची मागणी करा. तिथे दाद लागली नाही तर लोकायुक्तांकडे जाता येते. ही यंत्रणा महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने उभी राहिली.

एकट्याने हे करू नका. तळेगाव दाभाडेचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी हत्या झाली, हे या कामात पडणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवे. एकाच कामाचे वेगवेगळे कागद चार-पाच जणांनी आपापल्या नावाने मागावेत, मिळालेल्या प्रती लगेच स्कॅन करून दोन-तीन घरांत ठेवाव्यात. धमकी आली तर त्याच दिवशी पोलिसांत लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. माहिती जितक्या लोकांच्या हातात असते तितका एका माणसावरचा धोका कमी होतो.

करारनाम्यातला दोष दायित्व कालावधी मात्र पहिल्याच दिवशी पाहून ठेवा. काम पूर्णत्वाच्या दाखल्याची तारीख धरून तो कधी संपतो ते कॅलेंडरवर लिहा. त्या आत लेखी तक्रार गेली तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने करावी लागते आणि त्याची सुरक्षा अनामत अडवता येते. शेवटच्या पावसाळ्यानंतर, मुदत संपायच्या निदान दोन महिने आधी, भेगांचे आणि उखडलेल्या जागांचे फोटो घेऊन कार्यकारी अभियंत्यांच्या नावे अर्ज द्या, ‘अनामत परत करू नये’ हे वाक्य त्यात स्पष्ट लिहा आणि त्या अर्जावरही आवक क्रमांक घ्या.