साक्ष टिपण्यासाठी लॅपटॉप घेताय? दुकानात आधी हेडफोन लावा

मी मुंबईत फोर्ट भागात आर्बिट्रेशनच्या, म्हणजे कोर्टाबाहेर लवादापुढे चालणाऱ्या वादांच्या, सुनावण्यांचं लेखन करते. पिटमनचं शॉर्टहँड शिकून या कामात आले. आता सुनावणी थेट लॅपटॉपवर टाईप होते आणि जोडीला रेकॉर्डिंग चालू असतं. उलटतपासणीत दोन वकील एकदम बोलू लागले की हात मागे पडतोच, आणि संध्याकाळी प्रत पक्की करताना रेकॉर्डिंगच कामाला येतं. या कामात नव्याने येणारी मुलं-मुली मला बहुतेक वेळा प्रोसेसर कोणता घेऊ हे विचारतात. मी त्यांना आधी आवाजाबद्दल विचारायला लावते.

कारण सांगते. मराठी साक्षीदार म्हणतो, ‘त्या कागदावर मी सही केलेली नाही.’ जोर पडतो तो ‘सही’वर, आणि ‘नाही’ तोंडातल्या तोंडात जातं. आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि दम संपतो तोही तिथेच. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये आवाज ‘स्वच्छ’ करणारी सोय बहुधा आधीपासून चालू असते. ती व्हिडिओ कॉलसाठी बनवलेली आहे: पडद्यासमोरच्या एका माणसाचा आवाज उचलायचा आणि बाकी सगळं गोंगाट समजून दाबायचं. टेबलाच्या पलीकडे बसलेला, घाबरून हळू बोलणारा साक्षीदार तिच्या लेखी गोंगाटच. वाक्याचं शेपूट कापलं गेलं की रेकॉर्डिंगमध्ये ‘मी सही केलेली’ एवढंच उरतं. पंख्याची घरघर मला चालते, कारण घरघरीतूनही ‘नाही’ ऐकू येतं. एकदा कापलेला शब्द मात्र कुठल्याही उपायाने परत येत नाही.

म्हणून पहिली कसोटी ही, की ती सोय पूर्ण बंद करता येते का. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, साउंड या वाटेने जाऊन मायक्रोफोन निवडा आणि तिथलं ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करा. तेवढ्यावर थांबू नका. बऱ्याच कंपन्या स्वतःचं वेगळं ॲप देतात आणि त्यात नॉइज कॅन्सलेशनचं दुसरं बटण असतं. दोन्ही बंद करून ऐका. विक्रेता ‘मॅडम, एआय नॉइज कॅन्सलेशन आहे’ असं कौतुकाने सांगेल, तेव्हा ते बंद कसं करायचं हे त्यालाच दाखवायला सांगा.

दुकानात जाताना स्वतःचा माइक, वायरचे हेडफोन आणि सोबत एक माणूस न्या. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या लॅमिंग्टन रोडवर थोडी विनंती केली की दहा मिनिटं बसू देणारी दुकानं सापडतात. सोबतच्या माणसाला सहा-आठ फूट लांब बसवा आणि ‘नाही’ने संपणारी वाक्यं हळू आवाजात बोलायला सांगा. मग अर्धा मिनिट कोणीही बोलू नका, फक्त रेकॉर्ड करा. हे सगळं एकदा चार्जर लावून आणि एकदा काढून करा. शांत भागात हेडफोनमधून लक्ष देऊन ऐका. चार्जर लावल्यावर बारीक घूं येते का? माउस हलवला किंवा पान सरकवलं की चिरचिर होते का? माइकच्या ३.५ मिलिमीटर पिनेत हा दोष जास्त सापडतो आणि अर्थिंग नसलेल्या बोर्डावर तो वाढतो. सुनावणीच्या खोलीतलं वायरिंग आपल्या हातात नसतं, त्यामुळे दुकानात थोडी घूं आली तरी मी ते मशीन सोडून देते.

त्या गोल पिनेचं आणखी एक आहे. आता बहुतेक लॅपटॉपवर हेडफोन आणि माइक मिळून एकच भोक असतं आणि ते मोबाइलच्या हेडसेटसारखी चार पट्ट्यांची पिन मागतं. जुना तीन पट्ट्यांचा माइक त्यात घातला तर लॅपटॉप त्याला हेडफोन समजतो आणि रेकॉर्डिंग गुपचूप आतल्या माइकवरून होत राहतं. पडद्यावर आवाजाची पट्टी नाचत असते, म्हणून शंकाही येत नाही. माइकवर नखाने हलकेच टकटक करा, हेडफोनमध्ये ती टकटक जवळून आली पाहिजे. हा घोळच नको म्हणून माझा सल्ला यूएसबी माइकचा. टेबलावर सपाट बसणारा बाउंडरी माइक सुनावणीला उत्तम, कारण तो सगळ्या बाजूंचं बोलणं घेतो. आतल्या माइकवर विसंबून राहू नका. तो कीबोर्डला लागून असतो आणि त्याला साक्षीदारापेक्षा तुमची बोटं जास्त ऐकू येतात.

मोठ्या आकाराचे यूएसबी पोर्ट निदान दोन हवेत, तीन असतील तर फारच छान: माइक, फूट पेडल (रेकॉर्डिंग पायाने थांबवायचं आणि मागे न्यायचं साधन) आणि मराठी सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे ते चालवण्यासाठी पोर्टमध्ये लावावी लागणारी चावी, असेल तर तेही. अतिपातळ लॅपटॉप दिसायला सुंदर असतात, पण सगळं एका हबवर लटकतं आणि हबची वायर हलली की माइकचा संपर्क तुटतो. पोर्टमध्ये प्लग घालून जरा हलवून बघा, संपर्क जाऊ नये.

रॅम १६ जीबी, एसएसडी ५१२ जीबी आणि गेल्या तीन-चार वर्षांतला आय५ किंवा रायझन ५ प्रोसेसर पुरे. त्यापुढे पैसे घालू नका. एकूण सत्तर हजार बाजूला ठेवले असतील तर साठचा लॅपटॉप घ्या आणि उरलेले माइक-हेडफोनला ठेवा. लॅपटॉपचे स्पीकर कसे आहेत याने आपल्या कामात काही फरक पडत नाही. ब्लूटूथ हेडफोन नकोत. त्यांचा माइक चालू झाला की बहुतेकांचा ऐकू येणारा आवाजही फोनसारखा चपटा होतो.

जागेचा हिशेब मात्र नीट करा. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, एका चॅनलचं वेव्ह रेकॉर्डिंग तासाला साधारण ३२० एमबी होतं, दोन चॅनलचं दुप्पट. नेहमीच्या वेव्ह फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. दोन चॅनल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवलंत तर चार तासांच्या आसपास ती गाठली जाते, म्हणजे जेवणानंतरच्या सत्रात. मी एकच चॅनल ठेवते आणि प्रत्येक सुट्टीत फाइल बंद करून नवी सुरू करते.

मराठीत टंकलेखन करणाऱ्यांनी स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या लॅपटॉपपासून तूर्त लांब राहावं. बॅटरी छान चालते, पण जुन्या डोंगलचे आणि फूट पेडलचे ड्रायव्हर त्या प्रोसेसरसाठी बनलेले नसतील तर चालत नाहीत. मराठी कीबोर्डच्या मांडण्यांपैकी इन्स्क्रिप्ट विंडोजमध्येच मिळतं. टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर हात बसलेला असेल तर त्याचं सॉफ्टवेअर वेगळं घालावं लागतं, ते चालतं का हे आधी पाहा. की दाबताना आवाज कमी हवा. उजवीकडे आकड्यांचा वेगळा भाग असेल तर निशाणी क्रमांक (पुराव्याच्या कागदांना दिलेले नंबर) आणि तारखा भराभर टाकता येतात.

लेनोवोचा थिंकपॅड किंवा डेलचा लॅटिट्यूड वापरलेला घ्यायला माझी काहीच हरकत नाही, उलट असे मजबूत लॅपटॉप तेवढ्या पैशात नवे मिळत नाहीत. फक्त विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून विंडोज ११ अधिकृतपणे चालणारा, म्हणजे इंटेल असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा बघा. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आजची क्षमता ताडून बघा.

घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात, म्हणजे बदलून मिळण्याची मुदत असताना, तीन तास सलग रेकॉर्ड करा. वायफाय चालू, वर्ड उघडं, टायपिंग सुरू. मधेच ‘टक्’ असा आवाज किंवा अक्षर गिळल्यासारखं वाटलं तर लेटन्सीमॉन नावाचं मोफत साधन चालवून बघा, कोणता ड्रायव्हर अडवतोय ते कळतं. अनेकदा तो वायफायचा निघतो.

मशीनच लिहून देईल, मग हे सगळं कशाला, असंही विचारतात. २१ फेब्रुवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयात एआयच्या मदतीने थेट लेखन सुरू झालं, तेही महाराष्ट्रातल्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीत. मीही पहिला मसुदा कधीकधी मशीनकडून घेते. पण वकील इंग्रजीत, साक्षीदार मराठीत आणि मधे दुभाषी असेल तर तपासायला माणूसच बसतो, आणि माइकने जे गिळलं ते मशीनलाही ऐकू येत नाही.

रेकॉर्डिंगची परवानगी आधी लवादाकडून आणि दोन्ही बाजूंकडून घ्या. कोर्टात तर परवानगीशिवाय माइक काढूच नका. लवाद कायद्याच्या कलम ४२ए मध्ये कामकाजाच्या गोपनीयतेचं बंधन आहे, म्हणून डिस्क एन्क्रिप्ट करा आणि वनड्राइव्हवर फाइल आपोआप चढणं बंद करा. झाकण मिटल्यावर स्लीप आणि दिवसा होणारे अपडेटही बंद ठेवा. वॉरंटी घेताना ‘ऑनसाइट’, म्हणजे आपल्या जागी येऊन दुरुस्ती, हा शब्द बिलावर लिहून घ्या, नाहीतर तारीख तोंडावर असताना लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला पडून राहतो. आणि बॅगेत एक साधा हातातला रेकॉर्डर ठेवा, वेगळ्या सेलवर चालणारा. सुनावणी सुरू होताना तोही चालू करा.