प्रशिक्षण झालं, आता या स्वयंसेवकांना काम नेमून द्या

प्रमाणपत्रं वाटली, ग्रुप फोटो निघाला, की बहुतेक ठिकाणी विषय संपतो. भूकंप, आग अशा आपत्तीत धावून जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या तुकड्या मी वस्तीपातळीवर बांधते. माझं काम त्या फोटोनंतर सुरू होतं.

आधी यादी. नुसतं नाव आणि फोन नंबर लिहून भागत नाही. रात्री घरी कोण असतं, गाडी कोणाकडे आहे, जिना कोणाला चढवत नाही, हे विचारा. घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे का, हेही विचारा. असेल तर तो स्वयंसेवक पहिला तास घरातच थांबणार आणि थांबावंच. त्याला दुसऱ्या फळीत घ्या. यादी कागदावर ठेवा. मोबाइलचं नेटवर्क नेमकं तेव्हाच जातं.

मग प्रत्येकाला एक ठरलेलं काम. ‘गरज पडेल तशी मदत करा’ म्हटलं की सगळे एकाच ठिकाणी गर्दी करतात. त्याऐवजी सांगा: या तीन इमारतींचा गॅस आणि वीज कुठून बंद होते, ते तुम्ही आजच बघून या. घरात ऑक्सिजनच्या मशीनवर कोण आहे, ही माहिती एकाकडे आणि त्याच्या बदलीच्या माणसाकडेच असू द्या. ती चारचौघांत फिरवायची गोष्ट नाही.

हद्द मात्र कडक आखा. १९८५ च्या मेक्सिको सिटीतल्या भूकंपात साध्या नागरिकांनी ढिगाऱ्यांतून सुमारे ८०० जणांना बाहेर काढलं. पण त्या धडपडीत मदत करणारेच शंभरेक जण गेले. ते पाहून लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने रहिवाशांना प्रशिक्षण देण्याची योजना पक्की केली. म्हणून माझे नियम असे: एकट्याने आत जायचं नाही, कललेल्या इमारतीत तर कोणीच नाही. छोटं अग्निशामक नळकांडं काही सेकंदांतच रिकामं होतं. तेवढ्यात आग विझली नाही तर बाहेर पडायचं. शूर माणसांची मला जास्त काळजी वाटते.

सराव न सांगता घ्या, तोही अंधार पडल्यावर आणि तुकडीप्रमुखाला बाजूला बसवून. अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्याला बोलवा. ऐनवेळी त्याने तुमच्या माणसांना ‘बघे’ समजून हाकलू नये. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देण्याची लय (मिनिटाला १०० ते १२० वेळा) काही महिन्यांत हातातून जाते, ती दर वेळी करून घ्या.

लागोपाठ दोन सरावांना न आलेल्याचं नाव काढा. रुसतात, रुसू द्या.