साल नसलेलं चित्र कधीचं? आधी ते पालथं करून बघा

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत, रामबागेत म्हणा नाहीतर छत्रीबागेत, भिंतीवर एखादं तरी असं चित्र असतं की खाली सही आहे पण साल नाही. चित्रकार देवळालीकरांनी 1927 मध्ये इथे चित्रकलेची शाळा सुरू केली, नावाजलेले चित्रकार ना. श्री. बेंद्रे तिथूनच पुढे गेले, त्यामुळे शहरात चित्रं रंगवणारेही भरपूर झाले आणि घरी नेणारेही. आता ही चित्रं वाटणीत निघतात आणि जो तो शैलीवरून साल सांगतो. मला ते पटत नाही, कारण चित्रकार वीस वर्षांनी परत जुन्या पद्धतीने रंगवू शकतो, पण जो बोर्ड अजून बाजारातच आलेला नाही त्यावर कुणालाच रंगवता येत नाही.

सगळं यावरच उभं आहे. सामान फक्त एवढंच सांगतं की चित्र अमुक सालाच्या आधीचं नाही, त्यापुढे कधीचंही असू शकतं. 1935 चा कॅनव्हास कुणी 1960 मध्ये रंगवला असेल (पैसे नसले की जुन्या कामावरच पांढरा मारून नवीन काम सुरू, हे सर्रास व्हायचं), म्हणून जुना कॅनव्हास दिसला की लगेच खूश होऊ नका.

चित्र उतरवलं की स्वच्छ सुती चादरीवर पालथं ठेवा, पण रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर अजिबात पालथं करू नका, उभंच धरून बघा. मागची धूळ ओल्या फडक्याने पुसायची नाही, पेन्सिलचे आकडे आणि चिठ्ठ्या तिथेच असतात. आधी फोटो काढा, एक सरळ आणि एक टॉर्च बाजूने तिरपा मारून, म्हणजे विणीचे आणि खिळ्यांचे उंचवटे नीट दिसतात.

कॅनव्हास असेल तर कडा बघा. बारीक चुका (छोटे खिळे) ठोकल्यात की स्टेपलच्या पिना? पिना साधारण 1950 च्या आगेमागे परदेशात रुळल्या, आपल्याकडे त्याहून उशिरा. पण पिनांच्या शेजारी रिकामी गंजकी भोकं असतील तर कॅनव्हास नंतर पुन्हा ताणलाय, मग पिनांवरून काहीच ठरवू नका. हार्डबोर्ड असेल, म्हणजे एक बाजू गुळगुळीत आणि मागे जाळीचा ठसा, तर हा मेसोनाइट अमेरिकेत 1924 ला निघाला, त्याआधीचं चित्र असूच शकत नाही. रंगाखालचा अस्तर (रंगवण्याआधी मारलेला पांढरा थर) पाण्याच्या अ‍ॅक्रिलिकचा निघाला तर 1950 च्या दशकाच्या मध्याआधीचा प्रश्नच नाही.

कागदावरच्या कामाला 365 नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च घ्या आणि खोली अंधारी करा. कागदात चमक आणणारी रसायनं साधारण 1950 पासून घालायला लागले, असा कागद निळसर पांढरा झळकतो. जुना कागद मंद, पिवळट राहतो. फक्त मूळ कागदच बघा, फ्रेमवाल्याने नंतर लावलेला माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) झळकला तर त्याचा चित्राशी संबंध नाही. उजेडासमोर धरून वॉटरमार्कही (कागद बनतानाच त्यात उमटलेली खूण) शोधा, व्हॉटमन या इंग्लिश कंपनीच्या कागदावर बऱ्याचदा सालच उमटलेलं असतं.

आता चिठ्ठ्या, मला सगळ्यात भरवशाच्या वाटतात त्या. प्रदर्शनाचं लेबल, रंगवाल्या दुकानाचा शिक्का, किमतीची चिठ्ठी, काहीही असो, पत्ता अक्षर अन् अक्षर वाचा. इंदूर आधी होळकर संस्थानात, 1948 पासून मध्य भारतात आणि 1 नोव्हेंबर 1956 पासून मध्य प्रदेशात. बडोदा 1949 ते 1960 मुंबई राज्यात होतं, मग गुजरात (बेंद्रे 1950 ला तिकडे शिकवायला गेले, तेव्हा त्या काळातल्या बडोद्याच्या चिठ्ठ्या इथल्या घरांत निघाल्या तर नवल नाही). किंमत नव्या पैशांत असेल तर ती चिठ्ठी 1957 ते 1964 मधली धरा, सहा आकडी पिनकोड असेल तर 15 ऑगस्ट 1972 नंतरची. जुनं छापील सामान संपेपर्यंत वापरतात म्हणून शेवटाकडे दोन-चार वर्षं ढील ठेवा. मागे पुठ्ठ्यावर ‘नई दुनिया’ या हिंदी दैनिकाचं पान चिकटवलेलं निघालं तर तारीख टिपून घ्या, पण ती फ्रेमची तारीख आहे, चित्राची नाही. तपकिरी कागद फाडू नका, एका बाजूने उचलून आत बघा.

एकाच चित्रकाराची पाच-सहा कामं मिळत असतील तर खरी मजा येते. साल घातलेली कामं आधी घ्या आणि प्रत्येकाची वहीत नोंद करा: एक सेंटीमीटरमध्ये आडवे-उभे धागे किती, बोर्डाची जाडी किती, चुकांमधलं अंतर किती. मग बिनसालाची कामं शेजारी ठेवा. धागे आणि विणीतल्या गाठी जुळल्या तर कापड एकाच ठाणातलं असू शकतं, आणि दोन बोर्डांच्या कापलेल्या कडा एकमेकींना तंतोतंत बसल्या तर एकाच शीटचे तुकडे, म्हणजे दोन्ही कामं बहुधा जवळपासच्या काळातली.

नोंदीत एकच साल लिहू नका, ‘1957 नंतर, बहुधा 1965 च्या आत’ असं लिहा आणि कशावरून ते शेजारी लिहा. चित्राच्या मागे मात्र काही लिहायचं नाही, पेन्सिलनेही नाही, वेगळी चिठ्ठी करून पाकिटात घालून चित्राबरोबर ठेवा.