फॅलोच्या बाळाचं ऑपरेशन ठरलंय? आधी रिपोर्टात कोरोनरीची ओळ शोधा

मी लहान मुलांचे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढते. फॅलो म्हणजे हृदयातले चार जन्मजात दोष एकत्र असलेला आजार. ऑपरेशन ठरलं की आईबाबांचा पहिला प्रश्न असतो, हृदयातलं भोक किती मोठं आहे? भोक बुजवता येतं हो. मी आधी कोरोनरीबद्दल, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमनीबद्दल, काय लिहिलंय ते बघते.

१८८८ मध्ये मार्सेच्या डॉ. फॅलो यांनी जे चार दोष एकत्र मांडले, त्यांत कोरोनरी नाही. म्हणून नेटवर सगळं वाचून आलेल्या पालकांनाही तिचा पत्ता नसतो. पण या मुलांपैकी शंभरातल्या साधारण ५ ते १० जणांत यातली एखादी धमनी भलतीकडून निघते. सगळ्यात नडते ती एलएडी. एरवी ती डाव्या कोरोनरीची फांदी. इथे उजवीतून निघते आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाटेवरून आडवी जाते. ती अरुंद वाट मोठी करायला सर्जन छेद घेतात तो नेमका तिथेच. धमनी कापली गेली तर डाव्या कप्प्याच्या पुढच्या भागाचा रक्तपुरवठाच तुटतो.

तेव्हा रिपोर्ट उघडा. ‘कोरोनरीज नॉर्मल’ असेल तर ठीक. ‘क्रॉसिंग आरव्हीओटी’, म्हणजे धमनी त्या फुप्फुसाच्या वाटेवरून आडवी जाते, असं दिसलं तर हातपाय गाळू नका, आधीच कळलं हे बरंच झालं. ‘नॉट वेल सीन’, म्हणजे नीट दिसली नाही, असं असेल किंवा कोरोनरीचा उल्लेखच नसेल, तर मात्र ते नॉर्मल समजू नका. सरळ विचारा, “डॉक्टर, कोरोनरी दिसली का? नसेल तर सीटी अँजिओ करायचा का?” सीटी अँजिओ म्हणजे धमन्या दाखवणारा सीटी स्कॅन. कुणी वैतागलं तरी विचारा.

न दिसण्याचं कारण साधं असतं. धमनी जेमतेम एक-दोन मिलिमीटरची आणि बाळ लाथा झाडतंय! मी इको मशीनवर रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या कलरचा स्केल खाली आणून त्या बारीक धारेचा माग काढत असते, तेवढ्यात बाळ कूस बदलतं. म्हणून झोपेच्या वेळेचा नंबर मागून घ्या. झोपेचं औषध देणार असतील तर शेवटचं दूध किती वाजता द्यायचं ते लिहून घ्या. नंबर लांबला तर गप्प बसू नका, काउंटरवर सांगा. फॅलोचं बाळ फार वेळ दूध-पाण्याविना ठेवलं तर निळं पडण्याचा झटका येऊ शकतो. आलाच तर गुडघे छातीशी दुमडून धरा आणि ताबडतोब सिस्टरना हाक मारा.

सीटीला जाताना गळ्यातली चांदी, ताईत काढून ठेवा; धातूमुळे फोटोत रेघा उमटतात. आजीची समजूत घरीच काढा, सीटीच्या दारात वाद नको.

धमनी आडवी निघाली तर सर्जनना पुढचा बेत विचारा. कधी तिला वळसा घालून छोट्या छेदात भागतं. कधी तिच्यावरून कॉन्डुइट, म्हणजे नळी, टाकावी लागते. नळी बाळाबरोबर वाढत नाही, पुढे बदलावी लागते. म्हणून ऑक्सिजन बरा असेल तर काही सर्जन वजन वाढेपर्यंत थांबतात.

डिस्चार्ज कार्डावर कोरोनरीची माहिती लिहून घ्या. मूल मोठं झाल्यावर मांडीतल्या शिरेतून पल्मनरी, म्हणजे फुप्फुसाच्या वाटेवरची, झडप बसवायची वेळ आली, तर डॉक्टर आधी फुगा फुगवून कोरोनरी दबत नाही ना हे तपासतात. तेव्हा त्यांना ही माहिती हवी असते. सीटीची सीडीही जपा, आणि रिपोर्टचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा.