नर माशी आणि कामकरी: मिशा मोजा, मग वासाचे जीन्स समजून घ्या

मधमाशीच्या वासाचे जीन्स म्हटलं की लोकांना वाटतं लॅबच लागणार, पण सुरुवात तुम्ही माशीच्या मिशांपासून (डोक्यावरचे वास घेणारे अँटेना) 10 पट भिंगावर किंवा मोबाइलला लावायच्या मॅक्रो लेन्सवर आरामात करू शकता.

आधी माशा. जिवंत पकडून मारायची अजिबात गरज नाही, मधपेटीच्या दारासमोर मेलेल्या पडलेल्या असतातच, ओळखीच्या मधपाळाला सांगून ठेवा. कामकरी (पेटीतली कामं करणारी मादी) कधीही मिळेल, नर मात्र हंगामातच. सातेरीच्या (आपल्याकडची देशी पाळीव मधमाशी) पेटीत फुगीर झाकणाची, मधोमध बारीक भोक असलेली घरं दिसली की समजा नर येतायत. नर ओळखायला सोपा: डोळे मोठे आणि डोक्यावर एकमेकांना भिडलेले, पोट बोथट, आणि नांगी नाहीच. मेलेल्या कामकरीची नांगी मात्र तरीही टोचू शकते, तेव्हा चिमटा वापरा.

वाळलेली माशी हात लावला की मोडते म्हणून ओल्या टिश्यूबरोबर डबीत रात्रभर झाकून ठेवा, मऊ पडते. मग पांढऱ्या कागदावर ठेवून मिशी बघा. डोक्याजवळ एक लांब दांडा (नरात तो आखूड असतो), मग छोटा मणी, आणि त्यापुढे जे तुकडे आहेत ते मोजायचे. कामकरीत 10, नरात 11. घाई करू नका, टोकाचा तुकडा हमखास राहून जातो. हे सातेरीतही आणि मेलिफेरातही (पेटीत पाळतात ती युरोपीय मधमाशी) सारखंच आहे.

नुसता एक तुकडा जास्त, एवढ्याने काय होतंय असं वाटेल, पण खरी गंमत पृष्ठभागावर आहे. वास पकडणाऱ्या चपट्या चकत्या मेलिफेराच्या कामकरीच्या एका मिशीवर अडीच-तीन हजार, तर नराच्या एका मिशीवर 18 हजारांच्या वर! कॉलेजचा मायक्रोस्कोप मिळाला तर दोन्ही मिशा एकाच स्लाइडवर शेजारी ठेवून बघा, नराची मिशी चकत्यांनी गच्च भरलेली दिसते.

आता जीन्स. नर फलित न झालेल्या अंड्यातून येतो, त्याला बाप नसतो, क्रोमोसोम 16, कामकरीला 32. म्हणजे नराकडे जे काही आहे ते सगळं राणीकडूनच आलेलं, नराचे असे वेगळे खास जीन्स नाहीतच. मग एवढा फरक कुठून? तेच जीन्स कुणाच्या मिशीत किती जोरात चालू आहेत, यातून.

2006 मध्ये मेलिफेराचा जीनोम, म्हणजे सगळ्या जीन्सचा संच, वाचला तेव्हा वासाच्या रिसेप्टरचे (वास पकडणाऱ्या प्रथिनांचे) 170 जीन्स सापडले, फळमाशीत ते 60च्या आसपास आहेत, आणि चवीचे मात्र मधमाशीत फक्त 10. पुढच्याच वर्षी इलिनॉयच्या संशोधकांनी नर आणि कामकरीच्या मिशा ताडून पाहिल्या तर यातले 4 जीन्स नरात कितीतरी जास्त चालू निघाले. त्यातला ओआर-11 नावाचा जीन त्यांनी बेडकाच्या अंड्यात, म्हणजे एकाच पेशीत, घालून तपासला, वेगवेगळे वास दिले, आणि तो राणीच्या मुख्य फेरोमोनला (इतर माशांना इशारा देणाऱ्या वासाला), म्हणजे 9-ओडीएला, नेमका प्रतिसाद देत होता. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण इतका मोठा प्रश्न त्यांनी एका पेशीवर आणून सोडवला. नराच्या मेंदूतही वासाच्या गाठींपैकी 4 अवाढव्य वाढलेल्या असतात आणि त्यातली एक याच 9-ओडीएवर पेटते.

कामकरीला पण राणीचा वास येतोच हां, त्या वासामुळेच तिची अंडी घालायची क्षमता दबलेली राहते. पण तिला त्याच मिशीने शेकडो फुलांचे वास ओळखायचे असतात, नराला मुख्यतः उडती राणी शोधायची असते. आणि तीही हवेतच, पेटीत राणी शेजारून गेली तरी नर ढुंकून बघत नाही.

हे जमलं की मेलेली राणी कधी मिळाली तर तिची मिशीही मोजा: 10च निघतील, आणि चकत्या कामकरीपेक्षाही कमी.